गुलब्याचे दहा आठवडे

साताऱ्यात आमच्या कॉलनीत हळदीकुंकवाला गेलं की कुणीतरी विचारतंच, "तुम्ही नोकरीत नेमकं काय करत होता हो?" जनावरांची डॉक्टर होते म्हटलं की लगेच आपल्या घरच्या कुत्र्याचे केस का गळतात ते विचारतात. मी शॅम्पूचं नाव सांगते आणि मोकळी होते. खरं उत्तर दिलं तर वाटीतला तिळगूळ हातातच राहील. आमचे हे लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. घरातून निघतानाच ते बजावतात, "डिटेल में मत जाना."

तर आज डिटेलमध्येच जाते. संपादकांनी मनमोकळं लिहा म्हणून सांगितलंय, आता त्यांनी निस्तरावं.

सरकारी नोकरीची माझी बरीचशी वर्षं सांगली जिल्ह्यात गेली, आणि त्यातला निम्मा वेळ नर जनावरांच्या मागच्या बाजूला गेला. वळू, रेडा, मेंढा, बोकड, कुणीही असो, तो पुढची पिढी द्यायच्या कामाचा आहे की नाही हे मी ठरवायचे. गायी उलटायला लागल्या, म्हणजे नर दाखवूनही पुन्हा पुन्हा माजावर यायला लागल्या, की आधी गायींना औषधं, मग गायींना नवस, मग गायींना शिव्या. नराकडे बघायचं कुणाला सुचत नाही. शेवटी नाइलाज झाला की मला बोलावणं. मग मी जायचे, त्याची चाल बघायचे, डोळे बघायचे, हाताने वृषणं चाचपायचे, आणि वीर्याचा नमुना घेऊन काचेवर एक थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे.

हे काम बाईने करायचं म्हणजे सुरुवातीला गावोगाव पंचाईत व्हायची. म्हातारी माणसं माझ्याशी बोलताना समोरच्या लिंबाकडे बघून बोलायची. "त्येचं त्ये जरा सुजलंय," एवढं म्हणायलाही दोन वेळा खाकरायची. दवाखान्यातल्या शिपायाला बाजूला घेऊन त्याच्या कानात सांगायची आणि त्याने मला सांगायचं, जणू मी परमुलखातून आलेय. मला या लाजेचा फार राग यायचा. रोग दिसतो, पण लाजेखाली काय झाकलंय ते दिसत नाही.

पण आधी माझी चूक सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

विट्याकडचे एक शेठ होते. तिकडच्या पुष्कळ घरांसारखं त्यांचंही सोनं गाळायचं दुकान लांबच्या कुठल्या तरी शहरात, आणि जीव गावाकडच्या खिलार वळूत. पांढराशुभ्र, शिंगं अशी की बघत राहावं. तिवा येऊन गेला होता त्याला. तीन दिवस ताप, अंग धरलेलं, मग बरा. त्यानंतर गायी उलटायला लागल्या. मी थेंब काचेवर ठेवला आणि बघितलं. काही नाही. एक जीव हलत नव्हता.

शेठनी विचारलं, "म्याडम, किती टंच निघाला?"

सोन्याचा कस विचारणाऱ्या माणसाचा प्रश्न होता. मला हसू आलं आणि मीही ऐटीत सांगितलं, "शून्य."

एक थेंब, एक दिवस, एक शब्द. शेठ दोन दिवसांनी परत शहराला जाणार होते. जाण्याआधी त्यांनी वळू ठेचून घेतला आणि औताचा बैल केला. त्यांच्या दृष्टीने त्यांनी डॉक्टरचं ऐकलं होतं. पुढे मला एका प्रशिक्षणाला पाठवलं, आणि तिथे पहिल्याच दुपारी कळलं की मी काय करून बसलेय.

तिथे शिकवायला एक बारीक आवाजाचे, कुणाचंही नाव लक्षात न ठेवणारे सर होते. त्यांनी पडद्यावर वृषणाचा पातळ काप दाखवला. कॉलेजात बघितला होता तो मी, पण परीक्षेपुरता. आत बारीक नळ्यांची वेटोळी असतात. प्रत्येक नळीच्या भिंतीला अगदी चिकटून मोजक्या मूळ पेशी बसलेल्या असतात, ज्यांना स्टेम सेल म्हणतात. या पेशी जन्मभर पुरायच्या असतात. त्या दुभागतात, तेव्हा काही जणी पुन्हा मूळ पेशी म्हणून भिंतीशीच राहतात आणि बाकीच्या बदलत बदलत नळीच्या मध्याकडे सरकतात. त्यांचेच शेवटी शुक्राणू होतात. या प्रवासाला वळूत, मेंढ्यात दोन महिन्यांच्या आसपास वेळ लागतो.

इथवर मला माहीत होतं. सरांनी पुढे विचारलं, "राहायचं की निघायचं, हे त्या पेशीला कोण सांगतं?"

उत्तर त्यांनीच दिलं.

तिला शेजारी सांगतात. भिंतीपासून मध्यापर्यंत पसरलेल्या मोठ्या पेशी असतात. सर त्यांना दाया म्हणायचे. एकेक दाई आपल्या पदराखाली कितीतरी लहान पेशी सांभाळते. ती एक रसायन सोडते, त्याचा अर्थ असतो, अजून इथेच थांब. दुसरा निरोप येतो, त्याचा अर्थ, आता नीघ. नळीबाहेरच्या पेशींचे, जवळून जाणाऱ्या रक्तवाहिनीचे निरोप वेगळेच. आणि हे एकतर्फी नसतं. आत वाढणाऱ्या पेशीही दाईला उलट कळवत असतात की आमचं एवढं झालंय, आता अमुक दे. दिवसरात्र ही बोलाचाली चालू. ती बिघडली की मूळ पेशी जिवंत असूनही नुसती बसून राहते.

ताप आला, वृषणं तापली, की अर्ध्या वाटेवरच्या नाजूक पेशी आधी मरतात. दाया गडबडतात, निरोप बंद पडतात. काचेवर शून्य दिसतं. पण भिंतीशी बसलेल्या मूळ पेशी चिवट असतात, बहुतेक वेळा त्या तगतात. ताप गेला, आजूबाजूचं पूर्ववत झालं, की बोलाचाली पुन्हा सुरू होते आणि अडीच-तीन महिन्यांनी तोच नर पुन्हा भरलेला नमुना देतो. "म्हणून," सर म्हणाले, "एका थेंबावर कुणाला निकामी ठरवू नका."

मी वहीत ते लिहून घेतलं आणि चहाला गेलेच नाही. शेठच्या वळूला मी फक्त थांबायला सांगायचं होतं. त्यानंतर तो बैल मला एकदा विटा रस्त्यावर कडब्याच्या गाडीला जुंपलेला दिसला. चांगला धष्टपुष्ट होता. मी गाडीची काच वर केली.

आता गुलब्या.

तेव्हा माझी नेमणूक कवठे महांकाळच्या पूर्वेला, कोरड्या भागातल्या एका दवाखान्यात होती. तिकडे उसाचं नाव नाही. बाजरी, मटकी आणि मेंढरं. बिरू आबा तिथले जुने मेंढपाळ, घरची थोडी जमीन आणि साठ-सत्तर मेंढ्यांचा कळप. दिवाळीनंतर कळप घेऊन कृष्णाकाठी उसाच्या रानात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, हा त्यांच्या बापजाद्यांपासूनचा नेम. गुलब्या त्यांचा माडग्याळी मेंढा. उंच, पोपटासारखं बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तांबूस डाग. त्याला विकत मागायला माणसं लांबून यायची आणि आबा चहा पाजून परत पाठवायचे.

श्रावण लागला होता. आबा स्वतः दवाखान्यात आले आणि लिंबाकडे बघत म्हणाले, "म्याडम, समद्या उलटल्या. एक बी ऱ्हायली न्हाई."

समद्या म्हणजे कळपातल्या सगळ्या मेंढ्या, एकही गाभण नाही. एका मोसमाची कोकरं गेली तर त्या घराचं वर्ष गेलं. मी दुसऱ्या दिवशी गेले. दावणीला गुलब्या उभा, झाडलेला, पुसलेला, कपाळाला गुलाल. वृषणं हाताला मऊ लागली, पिकलेल्या पेरूसारखी. ती घट्ट लागायला हवीत. नमुना घेतला. पाणी. काचेवर काहीच नाही.

मी विचारायचं ते सगळं विचारलं. ताप आला होता का? न्हाई. कसलं औषध पाजलंत? न्हाई. मार लागला? आबा खाकरले. "वैशाखात बाभळीचा काटा लागला व्हता जरा. त्ये कवाच बरं झालं." जखमेचा व्रण होता खरा, पण जुना, साफ भरलेला. एवढ्याने दोन्ही बाजू रिकाम्या होत नाहीत.

आबांच्या मालकीण कोंडाबाई चहा घेऊन आल्या. कपबशी माझ्या हातात देऊन त्या समोर बसल्या आणि आवाज खाली न आणता म्हणाल्या, "बाई, तुमी उगं तपासताय. पायगुन हाय ह्यो. वैशाखात सून आली आन तवापसनं कळप आटला."

सून तिथेच होती. रेश्मा. आटपाडीकडची, बारावी झालेली, शिवणाचा कोर्स केलेली, एकोणीस-वीस वर्षांची. ती चुलीपुढे भाकरी थापत होती, आणि थापता थापता तिचा हात थांबला ते मला दिसलं.

आबा म्हणाले, "आगं, म्याडमपुढं कशाला."

"का? खोटं हाय का? पंचमीला तिचा भाऊ न्यायला येतुया. जाऊ दे. आणायला कोन जायाचं न्हाई."

हे वाक्य बाहेरच्याला साधं वाटेल. नागपंचमीला लेक माहेरी जाते, सण झाला की सासरचं माणूस आणायला जातं. ते माणूस गेलंच नाही, तर कुणी हाकलून दिलं असं म्हणता येत नाही. भांडण नाही, कागद नाही. पोर माहेरच्या ओट्यावर वाट बघत बसते आणि दिवाळीपर्यंत सगळ्या गावाला कळतं. नवरा सचिन भिंतीला टेकून उभा होता. चांगला मुलगा होता, पण आईपुढे तोंड उघडायची त्याला सवय नव्हती. पंचमीला तीनच दिवस राहिले होते.

मला काहीतरी खणखणीत बोलायचं होतं. पायगुण वगैरे काही नसतं, हे मी सबंध नोकरीत शंभर ओट्यांवर बोललेय. पण कारण सापडलं नव्हतं, आणि कारणाशिवाय माझं बोलणं म्हणजे शिकल्यासवरल्या बाईची बडबड. मी एवढंच म्हणाले, "एका नमुन्यावर मी काही सांगत नाही. परवा परत येईन."

सांगितलं होतं परवा, पण दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या बाजूला एक गाय अडली. ती सोडवून परतताना मी स्कूटी तशीच आबांच्या वस्तीकडे वळवली. मोठी माणसं बाजारला गेली होती, सचिन मेंढ्या घेऊन माळावर. गुलब्या एकटा दावणीला, आणि त्याच्या मागे उकिडवी बसून रेश्मा काहीतरी बांधत होती.

मी जवळ जाऊन बघितलं. मेंढ्याला पिशवी घातली होती. जुन्या घोंगडीच्या जाड तुकड्याची, आतून फ्लॅनेलचं अस्तर, कडेला लाल काठ, वर ओढून बांधायला नाडी, नाडीला दोन गोंडे. दोन्ही वृषणं आत, नीट, बाळाला टोपडं घालावं तशी.

"हे काय गं?"

ती लाजली, पण खूश होऊनच. "मीच शिवलंय. काटा लागला व्हता न्हवं का त्याला. परत लागू नये म्हणून. मशीनवर घोंगडी चालंना, मग दाभणानं शिवलं हातानं."

"आणि मी आले तेव्हा नव्हतं ते?"

"आत्यांनी काढाय लावलं. म्हनल्या, सरकारी मानसापुढं मेंढ्याला चड्डी घालून उभा करायचा व्हय, हसतील."

मी पिशवीत हात घातला. चुलीवरची भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवावी तसा आत उबारा होता. वैशाखापासून श्रावणापर्यंत. जनावराची वृषणं अंगाबाहेर लोंबती असतात ती उगाच नाही. अंगाच्या उष्णतेपेक्षा त्यांना थोडं गार लागतं, तरच आतली बोलाचाली चालते. कातडी आकसून, सैल होऊन ती स्वतःच हवा तेवढा गारवा राखते. इथे या पोरीने सगळ्या मायेने त्यांना ऐन उन्हाळ्यात घोंगडी पांघरली होती. जखम आठवड्यात भरली, तेव्हा आबा पिशवी काढायला निघाले होते म्हणे. पण कोंडाबाईंनी ठेवायला लावली. एवढा देखणा मेंढा, बघायला येणारी दहा माणसं, नजर लागू नये म्हणून.

कारण सापडलं की मला नेहमी बरं वाटतं. त्या सकाळीही वाटलं, अगदी अर्धा मिनिट. मग मी रेश्माकडे बघितलं.

तिला सांगावं तर लागणारच होतं, नाहीतर तिने दुसरी शिवली असती. मी सांगितलं. तिने नाडी सोडली, पिशवी हातात घेतली आणि ती तिथेच शेणात बसली.

"म्हंजी माज्यामुळंच," ती म्हणाली. "आत्या म्हनत्यात तसंच झालं की."

"तसं नाही."

"कसं न्हाई? मी आली, मी शिवली, मेंढ्या उलटल्या."

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते कोंडाबाईंपुढे टिकलं नसतं. सुनेच्या पिशवीनेच मेंढा रिकामा झाला हे एकदा कळलं, की पायगुणाला हवा तो पुरावा मिळाला. मी ती पिशवी माझ्या औषधांच्या बॅगेत टाकली आणि पोरीला म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. विचारलं तर कुत्र्याने नेली म्हण."

इतक्या वर्षांत मी कुणाला खोटं बोलायला शिकवलं असेल तर त्या पोरीला. आजही ते मला खुपतं.

बाजारहून मंडळी आली तोवर मी थांबले. दुसरा नमुना घेतला होता, तोही रिकामाच. आबांना म्हणाले, "उष्णतेने झालंय हे. मेंढा तापलाय."

"मग खाटकाला देयाचा का?" आबांनी गुलब्याच्या पाठीवर हात ठेवत विचारलं.

"नाही. आत मूळ आहे अजून." आणि मग मी त्यांना सरांनी शिकवलेलं सांगत बसले, लिंबाकडे न बघता. नळ्या, भिंतीशी बसलेल्या पेशी, त्यांना निरोप देणाऱ्या दाया. आबा आधी अवघडले, मग विसरले आणि पुढे सरकून ऐकायला लागले.

"म्हंजी बियानं पेवात हाय," ते म्हणाले, "पर पेरा म्हनून सांगनारंच गप झाल्यात."

"अगदी तसंच. भोवतीचं गार झालं की सांगायला लागतील. दहा आठवडे थांबा."

कोंडाबाईंनी विचारलं, "आन न्हाई बोलली तर?"

बरोबर विचारलं होतं. मूळ पेशी तगल्या आहेत की नाहीत हे मला तरी कुठे माहीत होतं? तीन महिने पिशवी म्हणजे थोडाथोडका काळ नाही. मी जरा कडक आवाज काढला. मेंढा सावलीला बांधायचा, पत्र्याखाली नाही. जमीन ओली ठेवायची. सकाळ-संध्याकाळ गार पाण्याचं फडकं मागून फिरवायचं आणि हाताला घट्टपणा किती येतो ते बघायचं. "हे बघायला मी रेश्माला शिकवलंय. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही, हाताला सवय लागते. पंचमीला गेली तर तिसऱ्या दिवशी परत आणा. खंड पडला तर मी जबाबदार नाही."

यातलं निम्मं औषध मेंढ्यासाठी नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही. सावली आणि वारा एवढंच त्याला पुरेसं होतं.

पंचमी झाली. तिसऱ्या दिवशी आबा स्वतः आटपाडीला गेले आणि सुनेला घेऊन आले. मला हे सचिनने फोनवर सांगितलं, फोन करायचं काही कारण नसताना.

ते दहा आठवडे मी काही सुखाने काढले नाहीत. रेश्मा दर आठवड्याला फोन करायची. पहिल्यांदा, "मऊच हाय." नंतर, "मऊच हाय." सहाव्या आठवड्यातही मऊच. मी सरांना फोन लावला. त्यांनी माझं नाव विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आत बोलणी चालू असतील तर ती तुम्हाला बाहेरून ऐकू येणार नाहीत. थांबा." विट्याचा बैल डोळ्यांपुढे यायचा. तिथे मी थांबले नव्हते, इथे सगळ्या घराला थांबवून धरलं होतं, आणि कळपातल्या मेंढ्या पुन्हा पुन्हा माजावर येऊन रिकाम्याच राहत होत्या. शेजारच्या वस्तीवरचा नर वापरा असं मी सुचवलं होतं. आबा म्हणाले, गुलब्याच्या पोटची कोकरं हवीत, मग थांबायचं तर थांबायचं. जबाबदारी आणखी जड झाली. आठव्या आठवड्यात रेश्मा म्हणाली, "म्याडम, जरा येगळं लागतंय. माजाच हात चुकत असंल." मी म्हणाले, हात चुकत नाही.

दहा आठवडे उलटून दिवाळी चार दिवसांवर आली, तेव्हा मी सूक्ष्मदर्शक घेऊन गेले. कळप खाली उतरायच्या तयारीत होता, घोड्यावर सामान चढवायच्या गोण्या भरून ठेवल्या होत्या. नमुना घेतला. या वेळी तो पाण्यासारखा नव्हता, सायीच्या रंगाचा होता. मी काच दोनदा पुसली. डोळा लावला.

सगळी काच हलत होती. एकेक वेगळा दिसेचना, नुसत्या लाटा, भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या. मी डोळा काढला आणि पुन्हा लावला. आबांना वाटलं, संपलं. ते माघारी वळले. मग मी त्यांना दंड धरून थांबवलं आणि म्हणाले, "बघा तुम्हीच."

आबांनी बघितलं, सचिनने बघितलं. कोंडाबाई आधी पदर तोंडाला लावून नको नको म्हणाल्या, मग वाकल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत. "आगं बया," त्या म्हणाल्या, "ह्यो तर निस्ता बाजार भरलाय." रेश्मा सगळ्यांत शेवटी. तिने बघितलं, सरळ झाली आणि घरात निघून गेली. मी मागे गेले नाही. मलाही जरा तोंड धुवायचं होतं.

चैत्रात माझं पलूसला काम होतं. सचिनने फोन करून सांगितलं की आमचा तळ जवळच आहे, तुटलेल्या उसाच्या रानात. गेले. जाळीच्या वाघरात कोकरं. मी मोजायला गेले आणि सोडून दिलं, एक जागेवर थांबेल तर ना. बाकदार नाकाची, तांबूस डागांची, एकेक आपल्या बापावर गेलेलं. रेश्मा एका अशक्त कोकराला मांडीवर घेऊन आईचं दूध पाजत होती. आबा मला एकेक कोकरू उचलून दाखवत होते, आणि मी हसत होते, नुसती हसत होते. इतकं हलकं मला स्वतःच्या निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

कोंडाबाईंनी दुधाचा चहा केला होता. मला कप देऊन सुनेकडे हात केला आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बाई, मी आपली तवा बोलून गेली. पर पायगुन लय चांगला हाय पोरीचा. बगा, कसा कळप भरला."

खरं सांगते, मला बरं वाटलं. पायगुण वाईट म्हणून पोर जाणार होती, आता चांगला म्हणून राहणार. शास्त्र जरा बाजूला राहिलं तर राहू दे, असं मी मनाशी म्हटलं आणि चहा प्यायला लागले.

रेश्माने कोकरू खाली ठेवलं.

"आत्या, पायगुन न्हाई. पिशवी व्हती."

"कुत्र्यानं नेली ती?"

"मी शिवलेली. कुत्र्यानं नेली न्हाई, म्याडमनी नेली. तिच्यामुळं त्याला आतून ऊब लागली आन समदं बंद पडलं. ती काढली आन चालू झालं." तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "तवा माजा पाय वंगाळ न्हवता, आन आता बी चांगला न्हाई. पाय ह्यो पाय हाय. चूक माज्या हाताची व्हती, ती मी सांगितली."

माझा कप तोंडाशीच राहिला. ज्या गोष्टीला मी भिऊन पिशवी बॅगेत दडवली होती, ती गोष्ट ही पोर उघड्या रानात बोलून मोकळी झाली होती. आबा सुनेकडे बघत होते, सचिन आईकडे. मला वाटलं, आता म्हातारीचं तोंड सुटणार.

कोंडाबाईंनी आधी सुनेच्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, मग वाघराबाहेर बांधलेल्या गुलब्याकडे.

"आन काढू नका म्हनून मीच बसली व्हती की," त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी पातेल्यातला उरलेला चहा कपात ओतला, सुनेपुढे धरला आणि तिच्यावर डाफरल्या, "पर येडे, घोंगडीची कशाला शिवायची? माजं जुनं लुगडं मागायचं. वारा तरी लागला असता त्याला."